कुकरची शिटी आणि कॉमेटची खिडकी

आज घरी गेलात की आईला विचारून प्रेशर कुकरचे झाकण हातात घ्या आणि नीट न्याहाळून पाहा. अर्थात कुकर थंड असताना! झाकणाच्या मधोमध एक नळी दिसेल. तिच्यावर शिटीचे वजन बसते. आतील वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भाराने वाढला, की हे वजन उचलले जाते, जास्तीची वाफ बाहेर पडते आणि शिटी होते. हे तुम्हांला ठाऊकच आहे.

पण त्याच झाकणावर आणखी एक लहानशी वस्तू असते. तिला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्या मध्यभागी लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा एक छोटा भाग बसवलेला असतो. समजा, नळीत भाताचे शीत अडकले आणि शिटी होईना. किंवा कुकरमध्ये पाणी घालायचेच राहिले. आतील तापमान वाढत जाते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तो मिश्रधातू वितळून वाफेला वाट मोकळी होते. भात बिघडतो, पण कुकर फुटत नाही.

याचा अर्थ असा, की कुकर तयार करण्यापूर्वी कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते आणि त्याने स्वतःला विचारले होते, "यात काय काय बिघडू शकेल? बिघडलेच, तर पुढे काय होईल?" एवढे करून तो थांबला नाही. फुटायचेच झाले तर कुकर कोठे फुटावा, ती जागाही त्याने आधीच ठरवून टाकली. कोणतीही नवी वस्तू घडवताना संकट येण्यापूर्वीच त्याचा असा विचार करणे, याला जोखमीचे व्यवस्थापन म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट कुकरच्या झाकणाइतकी घरगुती आहे.

हा विचार थोडासा अपुरा राहिला, तर काय होते? त्याची एक खरी कहाणी आज सांगतो. ती आहे जगातील पहिल्या प्रवासी जेट विमानाची.

आकाशातला कुकर

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा प्रवासी विमाने पंख्यांवर चालत. त्यांचा वेग बेताचा, आवाज मोठा आणि हादरे फार. इंग्लंडमधील द हॅविलंड या कंपनीने जेट इंजिनांचे प्रवासी विमान बनवण्याचे ठरवले. त्याचे नाव 'कॉमेट', म्हणजे धूमकेतू. २७ जुलै १९४९ रोजी कॉमेटने पहिले उड्डाण केले आणि २ मे १९५२ रोजी ते उतारू घेऊन लंडनहून जोहान्सबर्गला निघाले. त्या दिवशी गेलेल्या विमानाचे टोपणनाव होते 'योक पीटर'. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

जेट इंजिनाला विरळ हवेत उडणे परवडते. म्हणून कॉमेट सुमारे १२ किलोमीटर उंचीवरून जाई. तेथे हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम पाचवा हिस्सा असतो. अशा हवेत माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडेल. तेव्हा विमानाच्या आत हवा दाबून भरावी लागते. कॉमेटच्या आतील आणि बाहेरील दाबांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.५८ किलोग्रॅम भाराचा फरक असे. म्हणजे आपल्या कुकरमधील फरकाच्या निम्म्याहून थोडा अधिक.

"हात्तिच्या! एवढाच?" असे म्हणू नका. दाब कमी असला तरी क्षेत्रफळ केवढे आहे ते पाहा. ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच अशी खिडकी घेतली, तर तिचे क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर. तिला ०.५८ ने गुणा. उत्तर येते सुमारे ७०० किलोग्रॅम. म्हणजे दहा-बारा माणसे आतून एकाच खिडकीला रेटत आहेत, असा तो भार होतो.

आता पत्र्यावर किती ताण येतो तेही ढोबळमानाने काढू. विमानाचे धड म्हणजे सुमारे ३ मीटर व्यासाची नळी. तिचे १ सेंटिमीटर रुंदीचे एक कडे कापून घेतले आहे अशी कल्पना करा. आतील दाब या कड्याचे दोन अर्धगोल एकमेकांपासून दूर ढकलतो. हे बल = ०.५८ × ३०० × १ = १७४ किलोग्रॅम भार. ते दोन बाजू मिळून पेलतात, म्हणजे प्रत्येक बाजूवर ८७. पत्र्याची जाडी ०.९ मिलिमीटर, म्हणजे ०.०९ सेंटिमीटर धरली, तर ताण येतो ८७ ÷ ०.०९, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९७० किलोग्रॅम भार. विमानासाठी वापरलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू तुटायला सुमारे ४५०० लागतात. म्हणजे हातात चौपटीहून अधिक सुरक्षितता आहे. मग काळजी कसली?

कापडाच्या दुकानातील धडा

काळजी आहे ती खिडक्यांची. कापडाच्या दुकानात तुम्ही पाहिले असेल. दुकानदार माप घेतो, काठाला कात्रीने बारीकशी खाच देतो आणि दोन्ही हातांनी ओढून टर्रकन कापड फाडतो. खाच नसेल तर पहिलवानालाही ते कापड सहजासहजी फाटणार नाही. असे का होते?

कापडातून किंवा पत्र्यातून ताणाच्या रेषा नदीच्या प्रवाहासारख्या जातात अशी कल्पना करा. वाटेत भोक आले, की त्या रेषांना वळसा घालून कडेने जावे लागते आणि तेथे त्यांची दाटी होते. भोक गोल असेल तर दाटी कमी, आणि कोपरा जितका अरुंद तितकी दाटी अधिक. कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या. त्यांच्या कोपऱ्यांना गोलाई दिली होती हे खरे, पण ती पुरेशी नव्हती. शिवाय कडेने पत्रे जोडण्यासाठी रिबिटांची भोके पाडलेली होती. म्हणजे दाटीत आणखी दाटी!

कंपनीच्या अभियंत्यांना हे माहीत नव्हते असे समजू नका. ते निष्काळजी तर मुळीच नव्हते. नियमांनी मागितली होती त्याहून अधिक मजबुती त्यांनी धडाला दिली होती. त्यांनी धडाच्या एका भागात नेहमीच्या दुप्पट दाब भरून पाहिला आणि तो भाग टिकला. मग, दाब पुन्हा पुन्हा भरून सोडला तर काय होते, हेही त्यांनी त्याच भागावर पाहिले. तो १६ हजारांहून अधिक वेळा टिकला. विमानाच्या साऱ्या आयुष्यात १० हजार उड्डाणे धरली होती. म्हणजे चिंता मिटली, असे कोणालाही वाटले असते.

भूमध्य समुद्रावर

२ मे १९५३ रोजी, म्हणजे सेवा सुरू झाली त्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, एक कॉमेट कलकत्त्याहून दिल्लीकडे निघाले आणि काही मिनिटांतच वादळात सापडून कोसळले. ४३ जण मृत्युमुखी पडले. वादळच एवढे भयंकर होते, की दोष त्यालाच दिला गेला.

१० जानेवारी १९५४. रोमहून लंडनला निघालेले 'योक पीटर' स्वच्छ हवेत एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले. ३५ जण गेले. या वेळी दोष द्यायला वादळ नव्हते. विमानसेवेने आपण होऊन सर्व कॉमेट विमाने जमिनीवर उतरवली. तज्ज्ञांची समिती बसली. तिने शक्य त्या कारणांची यादी केली: इंजिनाला आग लागली असेल, इंजिनाचे पाते तुटून टाकीत घुसले असेल, पंख थरथरून तुटला असेल. प्रत्येक कारणावर उपाय म्हणून विमानांत अनेक सुधारणा केल्या. धडाचा पत्रा थकला असेल का? ती शक्यता मागे पडली. चाचणीत धड १६ हजार वेळा टिकले होते आणि 'योक पीटर'ची उड्डाणे झाली होती अवघी १२९०!

अवशेष अजून समुद्राच्या तळाशीच होते. नक्की काय घडले ते कोणालाच सांगता येत नव्हते. तरीही २३ मार्च १९५४ रोजी उड्डाणे पुन्हा सुरू झाली. त्यानंतर सोळाच दिवसांनी, ८ एप्रिलला, रोमहून कैरोला निघालेले दुसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात पडले. आणखी २१ जण गेले. या विमानाची उड्डाणे तर सुमारे ९०० च होती.

या सोळा दिवसांचा विचार मनात आला, की मी अस्वस्थ होतो. समितीतील माणसे हुशार होती, प्रामाणिक होती. पण त्यांनी सुचतील त्या कारणांवर उपाय केले आणि खरे कारण सापडले नाही ही गोष्ट बाजूला ठेवली. कारण सापडलेले नाही, याचा अर्थ धोका तेथेच आहे, असा होतो.

पाण्यात बुडवलेले विमान

आता कॉमेटचे उड्डाणाचे प्रमाणपत्रच काढून घेण्यात आले. तपासाचे काम इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेकडे आले. तिचे संचालक होते आर्नल्ड हॉल. त्यांनी एक विलक्षण प्रयोग योजला. एक अख्खे कॉमेट विमान घेऊन त्याचे धड प्रचंड मोठ्या टाकीत ठेवले. पंख टाकीच्या बाहेर. टाकीतही पाणी आणि विमानाच्या आतही पाणी! मग आतील पाण्याचा दाब वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. त्याच वेळी यंत्रांनी पंख वर-खाली वाकवायचे. अशी एक फेरी म्हणजे एक उड्डाण. काही तासांच्या उड्डाणाचे काम काही मिनिटांत होऊ लागले.

हवा न वापरता पाणी का वापरले? तुम्ही पदार्थविज्ञानात शिकला आहात, की हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. दाबलेली हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. धड फुटले तर ती ऊर्जा एकदम मोकळी होते आणि बॉम्बसारखा स्फोट होतो. विमानाच्या चिंधड्या झाल्या, की पहिली चीर कोठे पडली हे कसे कळणार? पाण्यात साठलेली ऊर्जा अगदी थोडी. चीर पडली की दाब लगेच उतरतो आणि पुरावा जागच्या जागी राहतो. खुद्द चाचणीतील जोखीमही विचारात घेतली होती, हे येथे ध्यानात घ्या.

हे विमान पूर्वी १२२१ वेळा उडाले होते. टाकीत आणखी १८३६ फेऱ्या झाल्या आणि जून १९५४ मध्ये, एकूण ३०५७ व्या फेरीला, धड फाटले. चीर निघाली होती एका खिडकीच्या कोपऱ्यातून! पुढे मोजमाप केले तेव्हा आढळले, की कोपऱ्याशी ताण धातूच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे ७० टक्के होता. आपण काढलेल्या ९७० शी हे ताडून पाहा. ४५०० चे ७० टक्के म्हणजे ३१५०. सपाट पत्र्यावरील ताणाच्या तिपटीहून अधिक!

तिकडे ब्रिटिश नौदल पाण्याखाली चालणारे दूरचित्रवाणीचे कॅमेरे सोडून समुद्रतळ धुंडाळत होते. 'योक पीटर'चे बरेचसे तुकडे हाती लागले. त्यांत छताचा एक तुकडा होता. रेडिओच्या एरियलसाठी ठेवलेल्या झरोक्यांचा तो भाग. तेथेही चीर कोपऱ्याजवळच्या भोकापासूनच निघाली होती. कोडे सुटले. धातू थकला होता.

करून पाहा

कागद अडकवण्याची तारेची क्लिप घ्या. ती सरळ करून एकाच जागी काटकोनात वाकवा आणि पुन्हा सरळ करा. असे करताना मोजत राहा. काही फेऱ्यांनंतर ती तुटेल. आता दुसरी क्लिप घेऊन काटकोनाच्या निम्म्या कोनातच वाकवा. तिसरी त्याहूनही कमी. प्रत्येक वेळचा आकडा लिहा आणि कोन व फेऱ्या यांचा आलेख काढा. तुटकी टोके धारदार असतात, जपून हाताळा.

दोन गोष्टी दिसतील. एकदा वाकवल्याने न तुटणारी तार अनेकदा वाकवल्याने तुटते. आणि ताण थोडा कमी केला, तरी आयुष्य कितीतरी पटींनी वाढते. यालाच धातूची श्रांती म्हणतात. ताणाच्या प्रत्येक फेरीला एखादी सूक्ष्म चीर केसभर पुढे सरकते. डोळ्यांना काही दिसत नाही. मग एक दिवस उरलेला धातू भार पेलू शकत नाही आणि सारे एका क्षणात संपते.

चाचणीने फसवले कसे?

आता कहाणीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कंपनीच्या चाचणीत धड १६ हजार वेळा टिकले, मग खरी विमाने ९०० आणि १२९० उड्डाणांत का फुटली?

याचे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. आठवा, त्या धडाच्या भागात आधी दुप्पट दाब भरून पाहिला होता. त्या वेळी कोपऱ्यातील धातू मर्यादेपलीकडे ताणला गेला आणि किंचित कायमचा लांबला. दाब सोडल्यावर सभोवतालचा पत्रा आपल्या मूळ मापावर परत आला आणि त्याने या लांबलेल्या कोपऱ्याला चहूबाजूंनी आवळून धरले. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते तुम्ही पाहिले किंवा ऐकले असेल. धाव तापवून चढवतात, ती निवून आकुंचन पावते आणि चाकाला घट्ट आवळते. मग गाडी कितीही खडखडली तरी सांधे उघडत नाहीत. येथेही तसेच झाले. पुढच्या प्रत्येक फेरीत ताणाचा बराच भाग हे आवळणे सैल करण्यातच खर्च होऊ लागला. कोपरा चिरेना.

म्हणजे मजबुतीच्या चाचणीने तो नमुना नकळत अधिक टिकाऊ झाला होता! उतारू नेणाऱ्या विमानांना हा लाभ मिळाला नव्हता. चाचणी खोटी नव्हती. पण जी वस्तू तपासली आणि जी वस्तू वापरली, त्या दोन सारख्या राहिल्या नव्हत्या.

आपण काय शिकायचे?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी विजेवर चालणाऱ्या पाळण्याची, म्हणजे लिफ्टची, सुंदर प्रतिकृती केली होती. आदल्या दिवशी आम्ही ती पाच मिनिटे चालवून पाहिली आणि खूश होऊन घरी गेलो. प्रदर्शनाच्या दिवशी दोन तासांनी मोटरीतून धूर निघू लागला. सुदैवाने कोणी जवळ नव्हते. चूक विद्यार्थ्यांची नव्हती, माझी होती. आठ तास चालायच्या वस्तूची मी पाच मिनिटांची परीक्षा घेतली होती.

तेव्हापासून प्रतिकृती मांडायच्या आधी मी विद्यार्थ्यांकडून एक कागद लिहून घेतो. त्यावर तीन रकाने असतात. पहिल्यात, काय बिघडू शकेल. दुसऱ्यात, तसे होण्याची शक्यता किती, १ ते ५ गुण. तिसऱ्यात, झालेच तर नुकसान किती, पुन्हा १ ते ५ गुण. दोन्हींचा गुणाकार करायचा. दिव्याचा बल्ब जाण्याची शक्यता ४, पण नुकसान १, गुणाकार ४. मोटर पेटण्याची शक्यता २, पण नुकसान ५, गुणाकार १०. म्हणजे आधी लक्ष द्यायचे मोटरीकडे. जेथे माणसाला इजा होऊ शकते, तेथे मात्र गुणाकार लहान आला तरी ती ओळ सोडायची नाही.

कागदाच्या खाली मी तीन प्रश्न लिहितो. कॉमेटने ते शिकवले आहेत. माझी चाचणी खऱ्या वापरासारखी आहे का? बिघाड झालाच, तर तो मी ठरवलेल्या जागी होईल का? आणि एखादा बिघाड झाला पण कारण सापडले नाही, तर थांबण्याची माझी तयारी आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कारण प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, पाहुणे येणार असतात आणि थांबायचे म्हटले की सगळ्यांचे चेहरे पडतात.

कॉमेटचे पुढे काय झाले? कंपनीने आपल्या चुका लपवल्या नाहीत. तपासात सापडलेले सारे जगापुढे मांडले गेले आणि इतर देशांतील विमान कारखान्यांनाही त्याचा लाभ झाला. नव्या कॉमेटचा पत्रा जाड केला, खिडक्या गोलसर केल्या. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी याच सुधारलेल्या कॉमेटने उतारूंसह अटलांटिक महासागर ओलांडणारी पहिली जेट सेवा सुरू केली. पण त्याच महिन्यात अमेरिकेचे बोइंग ७०७ ही त्या मार्गावर आले आणि कॉमेटची आघाडी गेली ती गेलीच. त्याच्या आराखड्यातून निघालेली 'निमरॉड' ही लष्करी विमाने मात्र २०११ पर्यंत उडत होती.

विमाने बांधण्याची रीतही बदलली. चीर पडणारच नाही असे धरून चालायचे नाही. ती पडेल, असेच समजायचे. मग जागोजागी पट्ट्या बसवून ती फार पुढे जाणार नाही अशी व्यवस्था करायची आणि ठरावीक उड्डाणांनंतर पत्रा तपासून ती वेळेवर शोधायची. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमागे हाच विचार आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

पुढच्या वेळी विमानात बसण्याचा योग आला, किंवा नुसते चित्र पाहिले, तरी खिडकीच्या कोपऱ्यांकडे पाहा. ते छान गोलसर असतात. तो आकार केवळ शोभेसाठी नाही. तोपर्यंत क्लिपचा प्रयोग करा, आलेख काढा. आणि घरातील सायकल, इस्त्री, पंखा यांपैकी कोणतीही एक वस्तू घेऊन तीन रकान्यांचा कागद भरून पाहा. ज्या ओळीचा गुणाकार सर्वांत मोठा येईल, ती घरातल्या मोठ्या माणसांना आजच दाखवा.